काकाकुव्यांच्या भराऱ्या

माझे एक मामू बोटीवर होते. खाडीकाठच्या आमच्या गावात तेव्हा घरटी एकतरी माणूस बोटीवर असायचाच. वर्ष-दीड वर्षाने मामू घरी आले की त्यांच्या लोखंडी पेटीतून काय काय निघायचं. साबणाच्या वासाचे टॉवेल, चहाच्या कपांचा सेट, आम्हा पोरांसाठी चॉकलेटं. एका खेपेला मात्र पेटीबरोबर पिंजरा आला. पिंजऱ्यात पांढराशुभ्र पक्षी. आमच्या राघूपेक्षा मोठा, काळ्या जाडजूड चोचीचा, आणि डोक्यावर पिवळा तुरा. तो रागावला किंवा खूश झाला की तुरा जपानी पंख्यासारखा उघडायचा. इंडोनेशियातल्या सुराबाया बंदरात मामूंनी तो विकत घेतला होता. त्याचं नाव ठेवलं नवाब.

नवाब दिवसभर पिंजऱ्याबाहेरच असायचा. पडवीच्या वाशावरून या टोकाला त्या टोकाला चालायचा. उडत नसे. का उडत नाही, हे मी कधी विचारलं नाही. मामूंनी त्याच्या पंखांची पुढची पिसं कातरलेली होती, हे मला ठाऊक होतं. पण कातरलेली पिसं कधीतरी झडतात आणि त्यांच्या जागी नवी येतात, हे मामूंच्याही लक्षात राहिलं नसावं. एका दुपारी नवाब वाशावरून उठला, पडवीतून बाहेर पडला आणि अंगणापलीकडच्या माडावर जाऊन बसला. तिथून दुसऱ्या माडावर. तिथून मशिदीच्या मागच्या आंब्यावर.

तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. त्या दुपारचा आरडाओरडा आता आठवत नाही. त्याचं उडणं मात्र डोळ्यांसमोर आहे. चार-पाचदा पंख मारायचे, मग पंख ताठ पसरून तरंगत जायचं, पुन्हा चार-पाचदा पंख मारायचे. आमच्या राघूचं उडणं असं नव्हतं. राघू सोडलेल्या बाणासारखा सरळ जातो, पंख थांबवत नाही. हे घारीसारखंही नव्हतं. घार तासन् तास पंख न हलवता घिरट्या घालते. नवाबचं काहीतरी तिसरंच होतं.

संध्याकाळ झाली, कावळे मागे लागले, तसा नवाब आपणहून पडवीत परत आला. दुसऱ्या दिवशी मामूंनी कात्री काढली. नवाबला टॉवेलात गुंडाळून मी धरलं होतं. त्या गोष्टीकडे मी शेवटी येईन.

पुढे मी कविता लिहू लागलो. माझ्या कवितांमधून पुष्कळ पक्षी उडाले. पण खरं सांगायचं तर ते सगळे एकाच प्रकारे उडाले. ‘पक्षी उडाला’ असं लिहिलं की आपलं काम झालं, असं आम्हा कवींना वाटतं. कोण उडाला, कसा उडाला आणि तसाच का उडाला, याचा विचार मी पन्नाशी ओलांडेपर्यंत केला नव्हता. तो करायला लावला ऑस्ट्रेलियातल्या एका संध्याकाळने.

माझी मुलगी कॅनबेराला असते. मागे जुलैत मी महिनाभर तिच्याकडे होतो. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिथे कडाक्याची थंडी असते. कॅनबेरा हे राजधानीचं शहर असलं तरी भोवती डोंगर आणि निलगिरीची रानं आहेत. पक्षी घरांच्या कुंपणावर येऊन बसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, ‘अब्बा, चला, तुम्हाला नवाबाचे नातेवाईक दाखवते.’ आम्ही माउंट एन्सली नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी जाऊन बसलो.

आधी थोडं या नातेवाइकांविषयी सांगतो. काकाकुवा हे एका पक्ष्याचं नाव नाही, ते एक कूळ आहे. पोपटांचे चुलतभाऊ म्हणा. त्यांच्या वीस-बावीस जाती आहेत आणि त्या ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशियाची बेटं, फिलिपिन्स आणि सॉलोमन बेटं एवढ्याच टापूत सापडतात. आपल्याकडे रानात काकाकुवा नाही. तरी त्याचं नाव आपल्या भाषेत आहे, कारण ते नावही बोटीवरूनच आलेलं आहे. मलय भाषेत त्याला ‘काकातुआ’ म्हणतात. खिळे उपटायच्या पकडीलाही तिथे हाच शब्द आहे. काकाकुव्याची चोच ज्याने एकदा बोटावर अनुभवली असेल, त्याला या दोन अर्थांचं नातं वेगळं सांगायला नको.

माणसाच्या हौसेपायी हा पक्षी फार पूर्वीपासून दूरदूर फिरला आहे. तेराव्या शतकात सिसिलीत दुसरा फ्रेडरिक नावाचा सम्राट होता. कैरोचा सुलतान अल-कामिल याने त्याला एक पांढरा काकाकुवा भेट पाठवला होता. फ्रेडरिकने ससाण्यांकडून शिकार करण्याच्या कलेवर एक मोठा ग्रंथ लिहिला. 1241 ते 1248 या काळातली त्याची एक हस्तलिखित प्रत व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे आणि तिच्यात या काकाकुव्याची चार चित्रं आहेत. ही चित्रं काकाकुव्याचीच, हे दाखवून देणारा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात पक्ष्यांचे पंख, त्यांची पिसं आणि त्यांचं उडणं यांवर सविस्तर विवेचन आहे, हे विशेष. म्हणजे पक्षी कसा उडतो हा प्रश्न एका सम्राटाला पडला होता, तेव्हा त्याच्या दरबारात एक काकाकुवा बसलेला होता.

आता पुन्हा टेकडीच्या पायथ्याशी येऊ. सूर्य कलला आणि एकेक मंडळी हजर होऊ लागली.

पहिल्यांदा आले गाला. पाठ राखाडी, पोट गुलाबी, आकार आपल्या पारव्यापेक्षा जरा मोठा, वजन तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. चाळीस-पन्नासांचा थवा. पंखांची फडफड जलद आणि न थांबणारी. सगळे एकदम उजवीकडे वळले की थवा गुलाबी दिसायचा आणि डावीकडे वळले की राखाडी. ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत त्यांचा वेग नोंदला गेलेला आहे. मैदानावर उतरले तेसुद्धा वेगानेच.

मग आले पांढरे, पिवळ्या तुऱ्याचे. नवाबासारखेच, पण त्याच्याहून बरेच मोठे. वजन आठशे-नऊशे ग्रॅम, आवाज पत्रा फाडल्यासारखा. आणि त्यांचं उडणं पाहताच मी मुलीचा हात धरला. पंखांचे काही उथळ, ताठर फटके, मग तरंगणं, मग पुन्हा फटके. चाळीस वर्षांनी मी ते उडणं पाहत होतो.

त्यानंतर झाडीतून गँग-गँग काकाकुव्याची एक जोडी निघाली. राखाडी रंगाचा लहानसा पक्षी, नराचं डोकं लाल. दाराची बिजागरी कुरकुरावी तसा आवाज. हे दोघे खोल खोल पंख मारत, झोका घेतल्यासारखे खाली येत, पुन्हा वर जात झाडांमधून गेले. थोडंसं घुबडासारखं.

आणि अगदी शेवटी, उजेड जाता जाता, टेकडीवरून पाच मोठे काळे पक्षी आले. पिवळ्या शेपटीचे काळे काकाकुवे. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत दोन फुटांच्या आसपास लांब, पंख पसरले तर मीटरहून जास्त. ओरडणं रडवेलं, लांबवलेलं. पंख इतके सावकाश हलत होते की पुढचा फटका येईपर्यंत हा खाली पडेल असं वाटावं. आमच्या खाडीत भरतीच्या पाण्यावर म्हातारा होडीवाला वल्हं मारतो ना, घाई नाही, पण होडी चाललेली, अगदी तसं. हे पक्षी वस्तीकडे आले की पाऊस येतो, असं तिथले लोक मानतात. आपल्याकडे पावशाचं आहे तसं.

एक कूळ, एका जातीची चोच, सगळ्यांना तुरा. मग उडणं चार तऱ्हेचं का? माझ्या या प्रश्नाचं उत्तर मी त्यानंतर वाचून, विचारून जे समजून घेतलं, ते आता सांगतो. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. त्यामुळे मला जसं समजलं तसंच सांगेन.

पहिला हिशेब वजनाचा. साबणाची एक वडी घ्या आणि तिची लांबी, रुंदी, जाडी सगळी दुप्पट करा. तिचा पृष्ठभाग चौपट होतो, पण वजन आठपट होतं. पक्ष्याचंही तसंच. पक्षी आकाराने दुप्पट झाला तर पंखांचं क्षेत्रफळ चौपट होणार आणि त्यांना उचलायचं वजन आठपट होणार. म्हणजे पंखाच्या प्रत्येक इंचावर पडणारा भार दुप्पट. हा भार वाढला की हवेत टिकून राहायला वेगही जास्त लागतो. भार चौपट झाला, तर किमान वेग दुप्पट करावा लागतो. म्हणून मोठ्या पक्ष्यापुढे दोन मार्ग उरतात. एक तर भरधाव उडायचं, नाहीतर शरीराच्या मानाने पंख अधिक मोठे, अधिक रुंद ठेवायचे.

काळ्या काकाकुव्याने दुसरा मार्ग धरला. त्याचं वजन पांढऱ्या मोठ्या काकाकुव्याइतकंच, साडेसातशे ते नऊशे ग्रॅम. पण त्याचे पंख प्रशस्त आहेत आणि शेपटीही लांब, रुंद. भार मोठ्या पंखांवर वाटला गेल्यामुळे त्याला सावकाश उडणं परवडतं. लांबरुंद पंख भराभर हलवताही येत नाहीत. घड्याळाचा लंबक जितका लांब तितका त्याचा झोका संथ, तसंच हे. त्यातून ती वल्हं मारल्यासारखी चाल तयार होते.

दुसरा हिशेब पंखाच्या आकाराचा. उडताना पंखाखालच्या हवेचा दाब वरच्यापेक्षा जास्त असतो. त्यामुळे पंखाच्या टोकाशी खालची हवा वर निसटू पाहते आणि तिथे भोवरे तयार होतात. या भोवऱ्यांत पक्ष्याची शक्ती वाया जाते. पंख लांब, अरुंद आणि टोकदार असला तर हे नुकसान कमी होतं. दूरवर, वेगाने, उघड्यावर उडणाऱ्याला असा पंख सोयीचा. गाला आणि कोरेला या काकाकुव्यांचे पंख या बाजूला झुकलेले आहेत. आपला राघूही तसाच. पण असाच लांब पंख घेऊन दाट झाडीत शिरायचं म्हटलं तर पंचाईत. तिथे आखूड, रुंद, गोलसर टोकाचा पंख हवा. त्याने फांदीवरून चटकन उठता येतं, कमी वेगात तोल सांभाळता येतो, दोन झाडांमधून वळता येतं. गावाबाहेरच्या सडकेवर ट्रक आणि बोळात रिक्षा, असं समजा. दोन्ही चांगलीच वाहनं, पण आपापल्या रस्त्यावर.

तिसरा हिशेब श्रमाचा, आणि मला सर्वांत आवडलेला. आपल्याला वाटतं, हळू उडायला कमी कष्ट आणि जोरात उडायला जास्त. प्रत्यक्षात तसं नाही. या कुळातला सर्वांत लहान पक्षी म्हणजे कॉकाटील. अवघा ऐंशी ते शंभर ग्रॅमचा. पाळीव पक्ष्यांच्या दुकानांत आपल्याकडेही दिसतो. शास्त्रज्ञांनी त्याला मोठ्या वाऱ्याच्या बोगद्यात वेगवेगळ्या वेगांनी उडायला शिकवलं आणि त्याच्या छातीच्या स्नायूंना प्रत्येक वेगाला किती काम पडतं ते मोजलं. हा अभ्यास 2003 साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. अगदी हळू उडताना काम जास्त पडतं, मधल्या वेगाला कमी होतं आणि फार जोरात उडताना पुन्हा वाढतं, असं त्यात दिसलं. हळू सायकल चालवायच्या शर्यतीत किती दमायला होतं ते आठवा. हळू उडताना पुढे सरकण्याचा आधार मिळत नाही, सगळी हवा स्वतःच खाली ढकलावी लागते. त्यामुळे प्रत्येक पक्ष्याला सोयीचा असा एक मधला वेग असतो आणि तो त्याच्या वजनावर आणि पंखांवर अवलंबून असतो.

पांढऱ्या काकाकुव्याचं ते फडफडणं आणि तरंगणंही याच हिशेबात बसतं. सायकलवर आपण चार पायडल मारतो आणि थोडा वेळ तशीच जाऊ देतो. स्नायूंना एका ठरावीक गतीने काम करणं बरं पडतं. शक्ती कमी लागणार असेल तर ती गती मंद करण्याऐवजी मध्ये विसावा घेणं सोपं. पंख रुंद असल्यामुळे त्या विसाव्यात उंचीही फारशी जात नाही. नवाब आमच्या माडांवरून तसा का गेला, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

हे झालं कसं उडतात त्याविषयी. पण हे पंख असेच का घडले, याचं उत्तर आकाशात नाही. ते जमिनीवर आहे, जिथे त्यांचं अन्न असतं तिथे.

कॉकाटील हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला भटक्या. तिथे पाऊस केव्हा आणि कुठे पडेल याचा नेम नाही. पाऊस पडतो तिथे गवत वाढतं, बी धरतं, आणि तिकडे हे थवे जातात. ज्याचं घर म्हणजे सततचा प्रवास, त्याला टोकदार पंख आणि हलकं अंगच हवं. गालाही मुळात याच कोरड्या, उघड्या प्रदेशातला. जमिनीवर बी टिपायचं, पाण्यासाठी लांब जायचं, आडोसा नाही. वरून बहिरी ससाणा आला तर लपायला झाड नाही, तेव्हा थव्याने आणि वेगाने निसटणं हाच उपाय.

काळ्या काकाकुव्याचं अन्न वेगळं. तो बँक्सिया, हाकिया या झाडांची टणक बोंडं फोडून बिया खातो. पिवळ्या शेपटीचा तर बाभळीच्या कुळातल्या झाडांची सालं सोलून खोडातल्या अळ्या काढतो. सुतारासारखं हे काम. एका झाडावर बराच वेळ बसायचं, मग सावकाश दुसऱ्या झाडाकडे. त्याला वेगाची गरज नाही. झाडांच्या शेंड्यांवरून, कमी वेगात, नेमक्या फांदीवर उतरता येणं महत्त्वाचं. गँग-गँग आग्नेयेकडच्या डोंगराळ रानातला. उन्हाळ्यात उंचावरच्या ओल्या जंगलात आणि हिवाळ्यात खालच्या रानात, म्हणजे कॅनबेराच्या बागांतसुद्धा. म्हणूनच मला तो जुलैत भेटला. त्याचा खोल फटका आणि झोका हा झाडीत वावरणाऱ्याचा आहे. आणि न्यू गिनीतला आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला केप यॉर्कमधला ताड काकाकुवा या सर्वांत जड. किलोच्या आसपास वजन, चोच अवाढव्य. त्याचं उडणं मंद आणि भारदस्त. याचा नर काठी तोडून पायात धरतो आणि पोकळ खोडावर ताल वाजवतो. प्रत्येक नराचा ताल वेगळा असतो, असं 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. उडण्यात मागे पडलेला हा पक्षी वाजवण्यात पुढे आहे.

अर्थात एका जातीचं उडणं म्हणजे एकच चाल, असंही नाही. माणूस जसा बसस्टॉपकडे एक चालतो, वरातीत दुसरं आणि जनाज्याबरोबर तिसरं, तसं पक्ष्याचंही आहे. गाला पावसात आणि वाऱ्यात नुसती मजा म्हणून कोलांट्या घेत उडतात. काळा काकाकुवा शेपटी पसरतो तेव्हा पिवळे पट्टे झळकतात आणि बरोबरच्यांना खूण पटते. मी सांगितली ती ज्याची त्याची रोजची, पोटापाण्याची चाल.

इथपर्यंत हा विषय गंमतीचा आहे. पण पंख जमिनीसाठी घडले असतील, आणि जमीनच बदलली तर?

ऑस्ट्रेलियात ती बदलली. शेतकऱ्यांनी रानं तोडून गहू पेरला, गुरांसाठी ठिकठिकाणी पाणी साठवलं. गालाला याहून काय हवं? उघडी जमीन, सांडलेलं धान्य, जवळ पाणी. तो कोरड्या अंतर्भागातून निघाला आणि किनाऱ्यावरच्या शहरांपर्यंत पसरला. आज तो इतका झाला आहे की त्याच्या नावाचा अर्थ तिकडच्या बोलीत ‘मूर्ख’ असा होतो. ज्या गोष्टीला तोटा नसतो तिची माणूस थट्टा करतो.

त्याच गव्हाने दुसऱ्या एकाचं घर मोडलं. देशाच्या नैऋत्य कोपऱ्यात कार्नबीचा काळा काकाकुवा राहतो. शेपटीवर पांढरा पट्टा असलेला. जगात दुसरीकडे कुठेही तो नाही. तो म्हाताऱ्या निलगिरींच्या ढोलीत अंडी घालतो. मादी ढोलीत बसते आणि नर तिला भरवतो. पुढे दोघं मिळून पिल्लाला भरवतात. अंडी बहुधा दोन, पण वाढतं ते साधारण एकच पिल्लू. डेनिस सॉन्डर्स या शास्त्रज्ञाने 1969 पासून या पक्ष्यांचा अभ्यास सुरू केला. त्यांनी दोन ठिकाणांची तुलना केली. कूमालो क्रीकला ढोल्यांच्या आसपास रानाचे पट्टे शिल्लक होते. मॅनमॅनिंगला झाडं होती, ढोल्याही होत्या, पण रान शेतांच्या मध्ये तुकड्यातुकड्यांनी उरलेलं, एकमेकांपासून लांब. आई-बाप सकाळी निघायचे, त्या संथ पंखांनी तुकड्यातुकड्यांतून अन्न गोळा करायचे आणि पिल्लाला पुरेल इतकं काही आणता यायचं नाही. पिल्लं वजनाला कमी भरत होती. 1970च्या दशकातच मॅनमॅनिंगचे काकाकुवे संपले. पंख तेच होते. उडणं तेच होतं. दोन झाडांमधलं अंतर तेवढं वाढलं होतं.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या खाडीकाठचे होडीवाले आठवले. वल्ह्याच्या चालीला कुणी नावं ठेवली नव्हती. खाडीवर पूल झाला, एवढंच.

आज कार्नबीचा काकाकुवा तिकडच्या सरकारी यादीत धोक्यात आलेला पक्षी आहे. 2022 साली गँग-गँगचं नावही त्या यादीत गेलं. 2019-20च्या वणव्यांत त्याची रानं मोठ्या प्रमाणावर जळाली होती. निलगिरीला काकाकुव्याजोगी ढोली पडायला शंभराहून अधिक वर्षं लागतात. आता लोक लाकडी आणि प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या ढोल्या टांगतात, बँक्सियाची रोपं लावतात. कूमालो क्रीकला अशा कृत्रिम ढोल्यांत कार्नबीचे काकाकुवे वीण करतात. म्हणजे सगळंच हरलं आहे असं नाही.

आता नवाबाकडे येतो. तो कोणत्या जातीचा होता, हे मला फार उशिरा कळलं. इंडोनेशियाच्या सुलावेसी, तिमोर, सुंबा अशा बेटांवर राहणारा तो लहान पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा. पिंजऱ्यासाठी पकडून पकडून ही जात अगदी संपत आली. 2005 पासून रानातून पकडलेल्या या पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. जगात नामशेष होण्याच्या अगदी काठावर असलेल्या पक्ष्यांमध्ये त्याची गणना होते. आमचे मामू वाईट माणूस नव्हते. नवाबाला ते स्वतःच्या ताटातला भात द्यायचे. असंख्य बंदरांत असंख्य चांगल्या माणसांनी एकेक पक्षी घेतला, आणि बेटं रिकामी झाली.

आपल्याकडे राघू पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. असे परदेशी पक्षी ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी त्यांची नोंदणी करावी असा नियम 2024 साली आला. नियम आवश्यकच आहेत. पण नियम कात्री थांबवत नाही. पक्ष्याच्या पंखाची पुढची मोठी पिसं त्याला पुढे ढकलतात. ती कातरली की उरतो तो नुसता चालणारा पक्षी. वजन तेच, चोच तीच, तुराही तोच. फक्त जे त्याच्या बेटाने, त्याच्या झाडांनी आणि लाखो वर्षांनी घडवलं होतं, ते कात्रीच्या चार-पाच कटकटींत संपतं. मी टॉवेल घट्ट धरला होता. नवाब धडपडला नाही. तो माझ्याकडे बघत होता.

कॅनबेरातल्या त्या संध्याकाळी ते पाच काळे पक्षी दिसेनासे झाले, तरी त्यांचं ओरडणं बराच वेळ ऐकू येत होतं. मुलगी म्हणाली, ‘अब्बा, यांच्यावर कविता लिहा.’ मी म्हटलं, ‘आधी नीट बघू तर दे.’

तुमच्या खिडकीबाहेर काकाकुवा येणार नाही. पण कावळा येतो, पारवा येतो, संध्याकाळी राघूंचा थवा जातो, वर कुठेतरी घार असते. आज पाच मिनिटं त्यांचं उडणं पाहा. कोण पंख थांबवतो, कोण थांबवत नाही. कोणाचा पंख टोकदार, कोणाचा बोटं पसरल्यासारखा. मग खाली जमिनीकडे पाहा, आणि यांच्यासाठी तिथे काय उरलं आहे, तेही पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)